खालच्या डीपीचा (ट्रान्सफॉर्मरचा) आवाज रात्रीच का वाढतो? ‘कोअर घट्ट करा’ म्हणताहेत, करावा का?

पहिला_मजला (रात्री १:४८)

नमस्कार मंडळी. हे स्वयंपाकघरात बसून लिहितोय, कारण बेडरूममध्ये झोप लागत नाही.

पुण्यात सिंहगड रस्त्याला सात मजली इमारत, आमचा फ्लॅट पहिल्या मजल्यावर. बेडरूमच्या बरोबर खाली, पार्किंगच्या कोपऱ्यात ट्रान्सफॉर्मरची खोली. जाळीच्या दारातून पाटी वाचता येते: ६३० केव्हीए, ११०००/४३३ व्होल्ट, ड्राय टाइप. तेल नाही, पत्र्याच्या कपाटात बसवलेला आहे. बिल्डरने बसवला आणि वीज कंपनीच्या ताब्यात दिला, त्यामुळे किल्ली आमच्याकडे नाही.

दिवसा काही कळत नाही. रात्री अकरानंतर घूंऽऽऽ सुरू होतं, दोन-तीनला कळस, आणि सकाळी साडेसहाला कुणीतरी कान सोडल्यासारखं थांबतं. खरं तर थांबत नाही, कमी होतं. बायको गाणं शिकवते. तिने एका रात्री पेटी काढून सूर लावून बघितला आणि म्हणाली, “खर्जातली पांढरी पाच, पण किंचित चढी.” मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये १०० हर्ट्झला मोठा सुळका दिसतो, मग २००, ३००, ४०० ला उतरत्या उंचीचे.

सोसायटीने एका कंत्राटदाराला दाखवलं. तो म्हणाला, “कोअर ढिला झालाय, सगळे बोल्ट आवळावे लागतील,” आणि पंचवीस हजारांचं कोटेशन देऊन गेला. सेक्रेटरी म्हणतात वर्गणी काढू. मला प्रश्न पडलाय तो असा: ढिला असेल तर दिवसाही ढिलाच ना? मग आवाज रात्रीच का?

विजेचा_धक्का

सोपं आहे. रात्री सगळ्यांचे एसी चालू. लोड वाढला की ट्रान्सफॉर्मर घुमतो. लोड वाटून घ्या, दुसरा बसवायची मागणी करा.

पहिला_मजला

एसी म्हणावे तर हाच आवाज जानेवारीतही होता, आणि तोही रात्री तीनला.

पत्रेवाले_काका

थांबा. पंचवीस हजार कुणाला देऊ नका.

आधी माझी ओळख, म्हणजे कुठून बोलतोय ते कळेल. नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात २९ वर्षं कोअर बिल्डिंगला होतो. कोअर बिल्डिंग म्हणजे इमारत नव्हे. सिलिकॉन स्टीलचे कापलेले पत्रे टेबलावर एकावर एक रचून ट्रान्सफॉर्मरचा लोखंडी सांगाडा उभा करायचा, ते काम. घरी मला अजून पत्रेवालेच म्हणतात.

तुमच्या बायकोचा कान पक्का आहे. पांढरी पाच खर्जात ९८ हर्ट्झला येते आणि ट्रान्सफॉर्मर बोलतो १०० ला. म्हणून किंचित चढी.

आता १०० का? आपला पुरवठा ५० हर्ट्झचा. लोखंड चुंबकित झालं की त्याची लांबी केसाच्या केसाएवढी बदलते. मीटरभर पत्रा जेमतेम मायक्रॉनभर, बऱ्याचदा त्याहूनही कमी. ज्यूलने हे १८४२ साली टिपलं होतं. उत्तर ध्रुव वर असो की खाली, पत्र्याला फरक पडत नाही, तो दोन्ही वेळा तसाच बदलतो. म्हणून एका आवर्तनात दोनदा, सेकंदाला शंभरदा. मायक्रॉन म्हणजे काहीच नाही असं वाटेल, पण हजारो पत्रे एकाच तालात हलतात आणि त्यांच्या डोक्यावर तुमचा स्लॅब आहे.

आता मुद्द्याचं. कोअरचा आवाज लोडवर ठरत नाही, व्होल्टेजवर ठरतो. लोडचाही एक आवाज असतो, तो कॉइलचा, करंट वाढला की वाढतो. पण रात्री तीनला सात मजले झोपलेले असताना लोड कुठला? लोड उतरला, लाइनीतला ड्रॉप (वाटेत होणारी व्होल्टेजची घट) कमी झाला आणि व्होल्टेज चढलं. तुमचा आवाज लोडच्या उलट चालतोय, म्हणजे तो कोअरचा आहे आणि कोअरला गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मिळतंय.

एक काम करा. साधा मल्टिमीटर घ्या (वापरायची सवय नसेल तर इमारतीच्या इलेक्ट्रिशियनला बोलवा) आणि घरातल्या एकाच सॉकेटला रात्री आठला आणि दीडला व्होल्टेज मोजा. तीन दिवस. मग बोलू.

आणि हे हात जोडून सांगतो: त्या कपाटाचं दार कुणीही उघडू नका. ड्राय टाइपची कॉइल रेझिनमध्ये ओतलेली असते, गुळगुळीत, वरून प्लॅस्टिकसारखी दिसते. लोकांना वाटतं इन्सुलेशन आहे, हात लावला तर चालेल. चालत नाही. चालू असताना तो पृष्ठभाग उघड्या तारेइतकाच धोक्याचा समजायचा.

सी_विंग_खजिनदार

आमच्याकडे जनरेटरच्या खोलीत फोम लावून घेतला होता, अंड्याच्या ट्रेसारखा. बराच फरक पडला. तोच लावा की.

पत्रेवाले_काका

जनरेटरच्या आवाजात वरच्या पट्टीतलाही भाग असतो, तिथे फोम काम करतो. १०० हर्ट्झची लाट साडेतीन मीटर लांब असते. तिला दोन इंच फोम म्हणजे हत्तीला मच्छरदाणी.

पहिला_मजला (चार दिवसांनी)

मोजलं. संध्याकाळी आठला २३७ ते २३९. रात्री दीडला २५८, २५९, आणि शनिवारी २६०. आमचा फ्रिजचा स्टॅबिलायझर रात्री खटखट का करतो तेही आज कळलं.

पत्रेवाले_काका

सापडला.

पाटीवर ४३३ व्होल्ट आहे, हे दोन फेजमधलं. फेज ते न्यूट्रल म्हणजे २५०. तुमच्या बाजूच्या, म्हणजे एलटी कॉइलचे वेढे कायमचे ठरलेले असतात, ते कुणी बदलत नाही. म्हणून सॉकेटमध्ये जे व्होल्टेज येतं ती थेट कोअरमधल्या फ्लक्सची, म्हणजे लोखंडातून वाहणाऱ्या चुंबकत्वाची, नाडी. २५० ला जो फ्लक्स डिझाइनमध्ये धरला होता, त्याच्या चार टक्के वर तुमचा कोअर रात्रभर चालतोय. कोअर १.६ टेस्लावर (टेस्ला हे फ्लक्स किती दाट आहे याचं माप) धरला असेल तर १.६६ झाला. ऐकायला फार नाही. पण हा पत्रा २ टेस्लाच्या आसपास पुरता भरतो आणि त्या दिशेने जाताना आवाज फार लवकर चढतो. ढोबळ हिशोब असा की फ्लक्स टेस्लाच्या दहाव्या भागाने कमी केला तर दोन ते तीन डेसिबल उतरतात.

उपाय कोटेशनवाल्याने सांगितला त्यापेक्षा पुष्कळ स्वस्त आहे. ११ केव्हीच्या कॉइलवर टॅप असतात, म्हणजे वेढे कमी-जास्त करायच्या जागा. पाटीवर तक्ता बघा: १ ला ११५५०, २ ला ११२७५, ३ ला ११०००, ४ ला १०७२५, ५ ला १०४५०. ड्राय टाइपमध्ये ही चकती फिरवून बदलायची गोष्ट नाही, कॉइलच्या तोंडावर दोन बोल्टांमध्ये तांब्याची पट्टी असते, ती काढून पुढच्या खुंट्यांवर लावायची. तिन्ही फेजला सारखीच. पूर्ण शटडाऊन, अर्थिंग, आणि वीज कंपनीचा माणूस. दोन तासांचं काम.

माझा अंदाज, तुमची पट्टी ३ वर किंवा ४ वर आहे. इमारत किती जुनी? नवीन होती तेव्हा तुमच्या भागात व्होल्टेज कमी यायचं का?

पहिला_मजला

नऊ वर्षं. आणि हो, पहिली दोन-तीन वर्षं संध्याकाळी लिफ्ट ट्रिप व्हायची. मग पलीकडे नवं सबस्टेशन झालं.

पत्रेवाले_काका

तेच. त्या वेळी कुणीतरी शहाण्याने व्होल्टेज वाढवायला टॅप ४ वर नेला. बरोबरच केलं. मग सबस्टेशन जवळ आलं, व्होल्टेज वाढलं आणि टॅप तिथेच राहिला. असे टॅप विसरलेले ट्रान्सफॉर्मर महाराष्ट्रभर घुमताहेत.

शाखा अभियंत्यांना अर्ज द्या, पण अर्जात “आवाज येतो” लिहू नका. आवाज म्हटलं की फाइल तळाशी जाते. “रात्रीचे व्होल्टेज २६० पर्यंत जाते, उपकरणांना धोका, टॅप तपासून मिळावा” असं लिहा आणि तीन दिवसांचे आकडे तारीख-वेळेसह जोडा. ४ वरून २ वर आणलं तर २६० चे साधारण २४७ होतील आणि संध्याकाळचे २३८ चे २२६. तेवढं चालतं.

फोंड्याहून

काका, विषय थोडा वेगळा, पण तुम्ही आहात म्हणून विचारतो. आमची काजूची फॅक्टरी, १०० केव्हीएचा तेलाचा ट्रान्सफॉर्मर खांबावर. पावसाळ्यात वीज पडून कॉइल गेली. दुरुस्तीला पाठवला, दोन आठवड्यांनी परत आला. कॉइल नवी, तेल नवं, टेस्ट रिपोर्ट बरोबर. पण आवाज पूर्वीच्या दुप्पट. व्होल्टेज तेच, टॅप तोच. दुरुस्तीवाला म्हणतो नवीन आहे, बसेल हळूहळू.

पत्रेवाले_काका

आवाज बसत नाही. चप्पल बसते.

तुमच्या प्रश्नावर जरा लांब लिहितो, कारण इथे माझी २९ वर्षं आहेत.

कोअर हा एक सलग लोखंडाचा ठोकळा नसतो. ०.२३, ०.२७, ०.३० मिलिमीटरचे पत्रे, प्रत्येकावर काचेसारखा पातळ लेप. पत्रा असा लाटलेला असतो की चुंबकत्व लाटण्याच्या दिशेने सहज वाहतं आणि आडवं नेलं तर कुरकुरतं. म्हणून उभा खांब आणि आडवा योक जिथे मिळतात त्या कोपऱ्यात पत्रे ४५ अंशांत कापून जोडतात, लाकडी चौकटीचा कोपरा सुतार जोडतो तसे. हा कोपरा म्हणजे कोअरचं तोंड. आवाज तिथून निघतो.

दोन पत्र्यांची टोकं तंतोतंत भिडत नाहीत, बारीक फट राहतेच. फट आली की फ्लक्स तिथे उडी न मारता वरच्या आणि खालच्या पत्र्यात शिरतो. तेवढ्या जागी ते पत्रे तुडुंब भरतात आणि पत्र्या-पत्र्यांत ओढाताण सुरू होते. सगळ्या फटी एकाच रेषेत असतील तर ओढाताणही एकाच जागी. म्हणून स्टेप-लॅप आलं: पहिल्या थराची फट इथे, दुसऱ्याची काही मिलिमीटर पुढे, तिसऱ्याची अजून पुढे, पाच पायऱ्या झाल्या की परत पहिल्यापासून. जिन्यासारखं. जुन्या पद्धतीत फट दोनच जागी आलटून-पालटून यायची. मी दोन्ही पद्धतींनी कोअर रचलेत. चाचणीला लावले की डोळे मिटून सांगता यायचं कुठला कुठला.

आता दुरुस्तीत काय होतं ऐका. जळलेली कॉइल काढायची तर वरचा योक उघडावा लागतो. पत्रे एकेक काढून बाजूला. कारखान्यात आम्ही ते काढताना क्रमाने, पुठ्ठ्यावर, थर मोजून ठेवायचो. छोट्या वर्कशॉपात काय होतं ते मी बघितलंय: फरशीवर ढीग, वर कुणीतरी डबा ठेवलेला. नवी कॉइल खाली उतरली की पत्रे परत विणायचे. संध्याकाळचे साडेसहा वाजलेत, पोराला घरी जायचंय. पाच पायऱ्यांतली एक चुकते, पत्रा शिरत नाही म्हणून लाकडी हातोडीने ठोकला जातो, टोक दुमडतं, आणि शेवटी चार-सहा पत्रे उरतात. उरलेले पत्रे भंगारात जातात.

प्रत्येक गोष्टीचा आवाज होतो. चुकलेली पायरी म्हणजे फट. उरलेले पत्रे म्हणजे योक तेवढा बारीक, म्हणजे तिथे फ्लक्स जास्त. आणि दुमडलेला, ठोकलेला पत्रा म्हणजे ताण. हा पत्रा ताणाच्या बाबतीत लाडावलेला असतो. दाबात धरला की त्याचं आखडणं-पसरणं कैक पटींनी वाढतं. कापल्यावर कडेला बर राहते, म्हणजे धारदार कंगोरा. आम्ही नखाने बघायचो, नख अडकलं तर पाते धार लावायला पाठवायचं. ती बर २० मायक्रॉनच्या आत हवी, नाहीतर पत्रे एकमेकांवर सपाट बसत नाहीत आणि आवळले की मधेमधे वाकतात.

आता ‘कोअर घट्ट करा’ याबद्दल. माझ्या हाताखाली एक नवा मुलगा होता, ताकदवान, सातपूरच्या तालमीत जायचा. एका जॉबला त्याने क्लॅम्पचे (पत्रे दाबून धरणाऱ्या पट्ट्यांचे) बोल्ट टॉर्क स्पॅनर (ठरलेल्या जोराने आवळायचा पाना) बाजूला ठेवून, पान्यात पाइप घालून आवळले. मला अभिमानाने दाखवले. त्या रात्री साउंड टेस्ट होती. ती रात्रीच घेतात, प्रेस आणि क्रेन बंद झाल्यावर, नाहीतर ट्रान्सफॉर्मरचा आवाज कुठला आणि शॉपचा कुठला ते कळत नाही. जॉब नापास. मी म्हटलं बोल्ट सैल करा. टेस्टवाल्या साहेबांनी माझ्याकडे असं बघितलं की हा घरून काय घेऊन आलाय. पण ठरल्या टॉर्कवर आणले आणि साडेतीन डेसिबल उतरले. ढिला असेल तर पत्रे खडखडतात हे खरं, पण जास्त आवळला तर पत्र्यात ताण भरतो आणि तो जास्त घुमतो. म्हणून पान्याच्या जोरावर कोअर गप्प होत नाही.

तेव्हा फोंडेकर, तुमच्या ट्रान्सफॉर्मरचा नो-लोड करंट आणि नो-लोड लॉस (पुढे काहीच लोड नसताना तो ओढतो तो करंट आणि खातो ती वीज) बघा, जुन्या रिपोर्टात आणि नव्यात. दोन्ही वाढलेले दिसतील असं मला वाटतं. रिपोर्ट ‘बरोबर’ म्हणजे मर्यादेत, पूर्वीइतका नव्हे. आकडे वाढले असतील तर वॉरंटीत परत पाठवा आणि वरचा योक पुन्हा रचून मागा. उभं राहून बघा, पत्रे मोजायला सांगा.

फोंड्याहून

बघितलं. नो-लोड करंट जवळपास दीडपट आहे. सोमवारी ट्रक पाठवतो. मी स्वतः जाऊन बसणार, डबा घेऊन. पत्र्यांवर नाही ठेवणार.

पहिला_मजला (पाच आठवड्यांनी)

अपडेट. अर्ज दिला, तुम्ही सांगितला तसाच. तिसऱ्या फेरीला एक तरुण इंजिनिअर आल्या, त्यांनी आकडे बघितले आणि लगेच शटडाऊनची तारीख दिली. पट्टी ४ वरच होती! २ वर लावली. आता रात्री दीडला २४६-२४७.

आवाज नक्की कमी झाला. बायको म्हणते सूर तोच, पण आता कुणीतरी दार लावून रियाज करतंय. मला मात्र पलंगावर अजून ऐकू येतो. गंमत म्हणजे खाली ट्रान्सफॉर्मरच्या दाराशी उभं राहिलं तर फारसा नाही, आणि वर उशीशी आहे. मोबाइलवर फक्त ३६ डेसिबल दाखवतं. नियमाप्रमाणे रात्री ४५ पर्यंत चालतो ना? मग तक्रार तरी कशी करायची?

पत्रेवाले_काका

निवासी भागात रात्री दहा ते सहा ४५ डीबी-ए, बरोबर. पण त्यातला ‘ए’ तुमच्या विरुद्ध आहे. आपला कान खर्ज कमी ऐकतो म्हणून मीटरही तो कमी धरतो, १०० हर्ट्झला १९ डेसिबल वजा करून आकडा देतो. शिवाय मोबाइलचा माइक खर्जाला बहिरा. आकड्यावर भांडू नका.

दाराशी कमी आणि वर जास्त, म्हणजे आता तो हवेतून येत नाही, इमारतीतून चढतोय. जाळीतून दोन गोष्टी बघा आणि सांगा. एक, ट्रान्सफॉर्मरची चाकं कशावर आहेत? दोन, एलटीच्या बाजूने निघालेले बसबार (वीज नेणाऱ्या जाड पट्ट्या) किंवा केबलचा ट्रे कुठे टांगलाय?

आणि तुमच्या बेडरूमची लांबी किती?

पहिला_मजला

चाकं लोखंडी चॅनलवर, चॅनल थेट काँक्रीटमध्ये. रबर-बिबर काही नाही. केबल ट्रे वर स्लॅबला अँकर बोल्टने टांगलाय, म्हणजे माझ्या फरशीला. बसबार ताठ दिसतात, मधे कुठे लवचीक तुकडा दिसत नाही. बेडरूम ११ फूट ३ इंच.

पत्रेवाले_काका

मग ट्रान्सफॉर्मर तुमच्या फरशीला हात लावून उभा आहे, काय करणार.

तीन गोष्टी, आणि मी सांगतोय त्या क्रमाने. पहिली: एलटी टर्मिनल आणि बसबारच्या मधे तांब्याच्या विणलेल्या पट्ट्यांचा लवचीक जोड. दुसरी: ट्रे स्लॅबवरून सोडवून खालून, जमिनीवरच्या स्टँडवर. तिसरी: चाकांखाली पॅड. लोक तिसरी आधी करतात आणि ट्रे तसाच ठेवतात, मग म्हणतात पॅडने काही झालं नाही. खालचा रस्ता बंद केला तरी वरचा उघडाच.

पॅड घेताना फसू नका. कन्व्हेअर बेल्टचे तुकडे घालणारे मी बघितलेत. दोन टनांच्या वजनाखाली तो दगडच. पॅड वजनाने दोन-अडीच मिलिमीटर दबला पाहिजे, तेव्हा १०० हर्ट्झ अडतो. विकणाऱ्याला विचारा, “पाचशे किलोला किती दबतो?” उत्तर आलं नाही तर दुसऱ्या दुकानात जा. आणि हे सगळं शटडाऊनमध्ये, त्याच इंजिनिअर बाईंना सांगून.

तोवर फुकटचा उपाय. तुमची खोली बरोबर एका लाटेएवढी लांब आहे, साडेअकरा फुटांना थोडी कमी. अशा खोलीत १०० हर्ट्झ भिंतीशी सर्वांत जोरात असतो आणि भिंतीपासून पाव लाट, म्हणजे पावणेतीन फुटांवर जवळजवळ गायब. तुमची उशी कुठे आहे?

पहिला_मजला

भिंतीला टेकून. अर्थात.

पहिला_मजला (दुसऱ्या दिवशी सकाळी)

रात्री अकराला पलंग ओढला. बायको म्हणाली वेडा झालायस. टेपने मोजून ३३ इंचांवर उशी आणली. मोठा घूं गेला. आता त्याच्या वरच्या सप्तकातला बारीक सूर ऐकू येतोय, तो आधी दबलेला होता.

पत्रेवाले_काका

तो २०० चा. त्याची लाट निम्मी, त्यामुळे तुम्ही आता नेमके त्याच्या उंचवट्यावर झोपलाय. उशी सात-आठ इंच पुढे-मागे करून बघा, मधली जागा सापडेल. बाकीचं ट्रे सुटला की.

सी_विंग_खजिनदार

पहिला_मजला, त्या पॅडच्या दुकानाचा नंबर मिळाला की इकडे टाका. आमच्या विंगखालीही असाच आहे, आणि काल रात्री सॉकेटला २५७ निघाले.